बोलणाऱ्या प्रोग्रामचा माणूस

सन २०२३, माझं वय एकाहत्तर. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्र चालवतो. शाळा चौथीपर्यंत, पण मापात मला कुणी फसवत नाही.

सांगलीहून एक माणूस स्कूटरवर यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं स्वतः बनवलेला प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरात होता. तो दुधाची फॅट मराठीत मोठ्यानं सांगायचा, म्हणून वाचता न येणाऱ्या बायकांनाही कळायची. हात लावण्याआधी तो माणूस कीबोर्ड रुमालानं पुसायचा.

मग एका बड्या कंपनीचं नवं यंत्र आलं. त्यात तिचाच प्रोग्राम फुकट, दुसऱ्याचा चालतच नाही. गावोगावची केंद्रं तिकडं वळली, त्याची कमाई आटली. शेवटचा मी उरलो आणि फॅट मोजायचं आमचं जुनं यंत्रही बंद पडलं.

तोच म्हणाला, "आवं तात्या, नवं घ्या आता. ह्याचं सामान मिळत न्हाई."

"त्यांचा प्रोग्राम तुझ्यापेक्षा चांगला हाय व्हय रं?"

"माझ्यात खोट असती तर सुधारली असती, तात्या. फुकटापुढं काय सुधारू?"

आमच्या लोकांची नावं त्यानंच नव्या यंत्रात भरली आणि चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं यंत्र फॅटचा आकडा नुसता दाखवत होतं, बोलत नव्हतं. मी शेजारी उभा राहून प्रत्येकीची फॅट मोठ्यानं ओरडून सांगितली.