आई आणि मी, दहावीला

नववीची परीक्षा संपून मी सुट्टीत घरी होते. एका शुक्रवारी आई म्हणाली, "बदलापूरला येतेस का माझ्याबरोबर? शाळेतून दाखला काढायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

आम्ही तेव्हा अंबरनाथला दोन खोल्यांत राहत होतो. पप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते आणि आई उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका छोट्या कारखान्यात जीन्स शिवायला जायची. दोघांची सुट्टी शुक्रवारची. त्या सुट्टीत आई कपडे धुवायची, दळण आणायची, झोपायची. दाखला वगैरे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शाळेच्या ऑफिसातले क्लार्क आधी माझ्याकडेच बघून म्हणाले, "बाई, मुलीचा दाखला तिच्या शाळेत मिळेल."

"मुलीचा नाही हो. मी नववी पास झाले आणि सोडली शाळा. त्याचा द्या."

त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, धूळ झटकली. बराच वेळ पानं उलटल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव सापडलं. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही बघ. ही मी." त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण लिहिलेलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. आईने ते वाचलं आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं.

येताना शेअर रिक्षात मी विचारलं, "आता कशाला पण?"

"तुझं पाठांतर कोण घेतं? मीच ना? पाचवीपासून पुस्तक हातात धरून बसते मी. नववीपर्यंतचं सगळं आलं मला. आता पुढे काय आहे ते बघू तरी."

अशी ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली. माझ्याबरोबर, त्याच वर्षी.

पप्पांनी विरोध केला नाही. "दे की," म्हणाले, "फक्त पोरीच्या अभ्यासाचा खोळंबा नको." त्यांचं सगळं लक्ष माझ्यावर होतं. कंपनीत त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान इंजिनिअर येऊन त्यांना नट कसा आवळायचा ते सांगायचा. घरी आल्यावर ते हे हसत सांगायचे, पण हसून झालं की गप्प व्हायचे. माझ्या बाबतीत त्यांनी एकच आकडा ठरवला होता. नव्वद. पाहुणे आले तरी नव्वद, वस्तीतल्या विहारात वंदनेला गेलो तरी तिथे कुणाला तरी सांगताना नव्वद. "नव्वदच्या खाली आलं की चांगलं कॉलेज विसरायचं," असं ते म्हणत, आणि मला ते खरं वाटे.

माझा क्लास कॅम्प दोनमध्येच होता, आईच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. दर रविवारी टेस्ट व्हायची. बुधवारी सर मार्कांची यादी काचेच्या दारावर चिकटवायचे, वरून खाली उतरत्या क्रमाने, आणि त्याच क्रमाने आम्हाला बाकांवर बसवायचे. आठवडाभर कोण कुठे बसलंय यावरून त्याचे मार्क कळायचे. पप्पा कंपनीतून सुटून मुद्दाम वाट वाकडी करून यायचे, मोबाइलवर यादीचा फोटो काढायचे आणि जाताना ओठ हलवत माझ्या वर किती नावं आहेत ती मोजायचे. मी आतून काचेतून बघायचे. ते मला हात करायचे नाहीत. मला अभ्यासात अडथळा नको म्हणून असेल.

क्लास सुटला की मी आईच्या कारखान्यात जाऊन तिची वाट बघायचे. जिना चढला की मशिनींची घरघर आणि डेनिमचा तो कच्चा, निळा वास. शेठच्या बायकोला सगळ्या भाभी म्हणायच्या. त्या सिंधी. आईला त्या 'अदी' म्हणायच्या, म्हणजे ताई. आईच्या मशिनला, दोऱ्याच्या रिळाशेजारी, एक चिठ्ठी अडकवलेली असायची. त्यावर कधी इंग्रजीची स्पेलिंगं, कधी सूत्र. भाभी ती चिठ्ठी वाचून बघायच्या आणि मला म्हणायच्या, "बेटा, तेरी मम्मी पगली है. पँट सीते सीते बडबडती है, ए स्क्वेअर, बी स्क्वेअर." त्या हसायच्या, पण चिठ्ठी काढा असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

आईने तिच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती. कव्हरावर चिठ्ठी चिकटवताना ती अडली.

"तुकडी कुठली लिहू?"

"तुला तुकडी नसते. तू बाहेरून बसतेयस."

"तरी पण 'अ' लिहिते." आणि तिने वळणदार अक्षरात 'इयत्ता दहावी, अ' असं लिहिलं.

पहाटे पाचला आम्ही दोघी उठायचो. पप्पा बाहेरच्या खोलीत झोपलेले. स्वयंपाकघरात मध्ये पाट ठेवून आम्ही समोरासमोर बसायचो. चहा एकाच पातेल्यात, पण कप भरायची पाळी ठरलेली. एक दिवस ती, एक दिवस मी. आईनेच तसं ठरवलं होतं. "आता आपण सारख्या," म्हणाली. इंग्रजीत ती कच्ची होती. मी तिला वाक्यं घालायचे, तपासायचे. ती मला 'मॅडम' म्हणायची. "मॅडम, हे असं का? मॅडम, आज सुट्टी द्या ना, कंबर धरलीय." मी खोटं खोटं रागवायचे आणि मग दोघी तोंडावर हात ठेवून हसायचो, पप्पा उठू नयेत म्हणून.

त्या पाटावर ती मला अशा गोष्टी सांगायची ज्या एरवी आईने मुलीला सांगितल्या नसत्या. जांभूळहून, तिच्या माहेरच्या गावाहून, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी शाळेला चालत यायच्या. वाटेत पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर चढून हात पसरून तोल सांभाळत जायच्या. पडेल तिने बाकीच्यांची दप्तरं घ्यायची. "मी कधीच नाही पडले," ती सांगायची. वर्गातल्या एका मुलाने वहीत तिचं चित्र काढलं होतं, नाक फार मोठं काढलं म्हणून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. नववीचा निकाल घेऊन घरी गेली त्या दिवशी तिच्या वडिलांनी सांगितलं, बास झालं, आता घरातलं शीक. "मग?" मी विचारलं. "मग काय, पुस्तकं मैत्रिणीला देऊन टाकली. रडू यायच्या आधी देऊन टाकली." हेसुद्धा ती हसतच सांगत होती.

भूमितीत मात्र ती हुशार निघाली. दहा वर्षं कापड बेतलं होतं तिने. कुठली रेघ कुठे जाऊन मिळेल ते तिला आकृती काढायच्या आधीच दिसायचं. मी प्रमेय पाठ करायचे, ती बघायची.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षेत मला चौऱ्याऐंशी टक्के पडले. पप्पा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "डोकं दुखतंय," म्हणून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी मला दोन बाक मागे बसवलं.

त्याच आठवड्यात भूमितीचा एक सराव पेपर मी क्लासमध्ये सोडवला होता. चाळीसपैकी तीस. तोच पेपर शुक्रवारी आईने घरी सोडवला, घड्याळ लावून, आणि तपासायला माझ्या हातात दिला. मी लाल पेन घेऊन बसले. बेरीज करत गेले तसं माझ्या लक्षात आलं की तिला बत्तीस पडतायत.

चार मार्कांचं एक प्रमेय होतं. तिने ते गाइडमध्ये होतं तसं सिद्ध केलं नव्हतं. आकृतीत स्वतःच एक समांतर रेघ काढून तीन-चार ओळींत संपवलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मला चूक सापडली नाही. मी त्यावर काट मारली आणि शून्य दिलं. वर लिहिलं, अठ्ठावीस.

आई पदराला हात पुसत आली. "हे का चुकलं?"

"गाइडमध्ये असं नाहीये."

"पण शेवटी बरोबर येतंय ना?"

"बोर्डात असं चालत नाही, आई."

तिने वही उचलली. मग म्हणाली, "बरं मॅडम." आणि गाइडमधली सिद्धता तिने पाच वेळा लिहून काढली. मी समोर बसून माझा इतिहास वाचत होते. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. एकदा तोंड उघडून सांगायचं होतं फक्त. मी सांगितलं नाही.

मार्चमध्ये आमची केंद्रं वेगवेगळी आली. माझं अंबरनाथला, तिचं बदलापूरला. पहिल्या पेपरला पप्पा मला सोडायला आले. आई एकटी गेली.

निकालाच्या दिवशी पप्पांनी अर्धी रजा टाकली. दुपारी एक वाजता तिघं त्यांच्या मोबाइलवर वाकून बसलो. साइट उघडत नव्हती. उघडली तेव्हा पप्पांनी आकडा वाचला, "अठ्ठ्याऐंशी पॉइंट वीस." मग त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "ठीक आहे," म्हणाले. थोड्या वेळाने उठून चप्पल घालून बाहेर गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मामाचा फोन आला, आत्याचा आला. "थोडक्यात गेलं गं," असं प्रत्येकाचं. वस्तीत कुणीतरी मेल्यासारखं सगळे हळू आवाजात बोलत होते. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचं घर होतं ते!

तासाभराने आई माझ्यामागे येऊन बसली.

"मी पण पास झाले," ती म्हणाली. "एकसष्ट टक्के."

मी वळले नाही. "बरं," म्हटलं.

तिचा नंबर तिने एकटीने टाकून बघितला होता. कधी, ते मला कळलंही नाही. मग ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "उठ. दोन घास खाऊन घे." तो हात आईचा होता. त्या दिवसानंतर तिने मला मॅडम म्हटलं नाही.

पुढे सगळं सरळ झालं. मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, मग इंजिनिअरिंगला. ते पावणेदोन टक्के कुठेही आडवे आले नाहीत, कुणी विचारलेसुद्धा नाहीत. पप्पा रिटायर होईपर्यंत कंपनीत माझ्याबद्दल सांगत राहिले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी एकदा मी कॅम्प दोनला गेले तेव्हा भाभींनी मला ओळखलं. त्यांच्याकडून कळलं की निकालाच्या दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली तेव्हा भाभींनी मिठाई मागवून सगळ्या बायकांना वाटली होती आणि तासभर मशिनी बंद ठेवल्या होत्या. "तेरी मम्मी बहुत रोई," त्या म्हणाल्या. "खुशी से." आईने घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगावं असं घर तेव्हा नव्हतंच.

आता मी बदलापूरला राहते. माझी मुलगी बालवाडीत आहे. आई-पप्पा अजून अंबरनाथला. मी आठवड्यातून एकदा जाते, फोन रोज होतो. आई माझ्याशी प्रेमाने वागते, डबा भरून देते, मुलीचे लाड करते. तक्रार करावी असं काही नाही. पण मला जी हवी आहे ती ही नाही. मला ती पाटापलीकडची हवी आहे, अंगावर शाल घेऊन स्पेलिंग चुकवणारी, पाइपवरून कधीच न पडलेली. ती मला आठ-नऊ महिनेच भेटली. कधी कधी पहाटे जाग येते, स्वयंपाकघरात जाऊन मी चहा ठेवते आणि दोन कप काढते. नवरा उठलेला नसतो. एक कप परत ठेवून देते.

गेल्या महिन्यात अंबरनाथला रेशनकार्ड शोधताना कपाटात आईची मार्कशीट हाताला लागली. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदाच बघत होते. सगळ्यात जास्त मार्क गणितात होते. मी ती घेऊन आईजवळ गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो सराव पेपर, ती समांतर रेघ, शून्य, आणि ते बरोबर होतं हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

आई मेथी निवडत होती. तिने ऐकून घेतलं.

"कुठला पेपर गं? मला नाही आठवत."

"आई, पाच वेळा लिहून काढलंस तू."

"असेल." तिने थोडा विचार केला. "मला ते पुरवणी बांधायचं आठवतं. दोरा कसा ओवायचा ते तू दाखवलं होतंस ना? माझ्या बाजूची बाई घाबरून गेली होती, तिला मी बांधून दिली."

मी तिच्या समोर खाली बसले. मेथीची एक जुडी ओढून घेतली. काही वेळ दोघी निवडत राहिलो. मग मी विचारलं, "बारावीला बसतेस? फॉर्म मी आणते."

आई हसली. खूप वर्षांनी मला ते हसणं दिसलं.

"कुणाबरोबर बसू?" ती म्हणाली.

मी हातातला पाला तिच्या ढिगात टाकला. बाहेरून पप्पांनी विचारलं, भाजी कधी होणार, आणि आई पाला गोळा करून उठली.