भिंतीकडे तोंड केलेला संत

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला बोरिवलीची आमची शेजारीण, मार्थामावशी, आठवते. ऐंशीच्या दशकात मित्राच्या लग्नात रुबाब करायला मी तिच्या मेलेल्या नवऱ्याचं घड्याळ न विचारता मनगटावर चढवलं आणि मनोरीच्या बोटीतून खाडीत पाडलं.

हरवलेलं शोधून देणारा संत म्हणजे तिचा अँथनी. मावशीने त्याचा पुतळा भिंतीकडे तोंड करून उभा केला. "घड्याळ आण, मगच वळवीन!" मग मला म्हणाली, "अरे, ह्याचीच पोथी एका चेल्याने पळवलेली. ह्याने नुसती प्रार्थना केली, तर चोर आपल्या पायांनी परत घेऊन आला. तू बघच."

"मावशी, कावळ्याने नेलं ते. मी पाहिलं ना, गरुडाएवढा होता!"

ती खळखळून हसली आणि पुतळ्याला म्हणाली, "ऐकलंस? आता त्या कावळ्याला धाड."

मार्वेच्या किनाऱ्यावर मगर पाहिल्याची थापही शपथेवर मारणारा मी. पण खरं एक वाक्य घशाबाहेर पडेना. पुढे मावशी गेली, तेव्हाही पुतळा तसाच होता. त्याच्या पाठीमागे मेणबत्ती नुकतीच विझली होती. मी हळूच त्याला वळवला. चोर मी, आणि इतकी वर्षं शिक्षा भोगली त्याने.