बाकाखालची खूण

कृष्णात खाडे मला पहिल्यांदा दिसले ते आडवे. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कळंबा तलावाच्या काठी कुणा दात्याने नवे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, बाक बसवले होते. सकाळी साडेसहाला त्यातल्या एका बाकाखाली सत्तरीचे गृहस्थ पाठीवर झोपून वर बघत होते. अंगात स्वच्छ पांढरा लेंगा आणि शर्ट. फिरायला आलेली मंडळी त्यांना वळसा घालून जात होती. माणूस प्यालेला आहे असं ठरवायला आपल्या लोकांना क्षणही पुरतो; खाली वाकून विचारायला मात्र कुणाला सवड नसते. मी वाकलो.

"काही हरवलंय का?"

"वतणाऱ्याची लाज हरवलीया," ते खालूनच म्हणाले. "हात घाला हितं. घाला की, पावणं. भोक लागतंय का न्हाय?"

मी हात घातला. बैठकीच्या खालच्या बाजूला बोटाला चांगला खळगा लागला.

"वाळू वली हुती. वाफ आत ऱ्हायली. आन् वरनं हिरवा रंग फासला की झालं! बसणारा काय ढुंगणानं बघतोय व्हय?"

उठून त्यांनी लेंगा झटकला आणि मी कोण, कुठला अशी चौकशी केली. मी निवृत्त शिक्षक, इंग्रजी शिकवायचो, असं सांगितलं.

"मग तुमाला काय सांगायचं. तुमच्या धंद्यातलीबी भोकं रंगाखालीच असत्यात."

त्या दिवसापासून आमची ओळख. मी त्यांना सगळ्यांसारखा आण्णा म्हणू लागलो, ते मला मास्तर.

आण्णा मूळचे हुपरीजवळच्या एका वाडीतले. दोन एकर रान आणि पाच भाऊ, म्हणून सोळाव्या वर्षी ते कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लागले आणि मोल्डर झाले. मोल्डर म्हणजे वाळूचा साचा तयार करणारा. वितळलेलं बीड त्या साच्यात ओततात. अडुसष्ट साली, बावीस वर्षांचे असताना, ते इंग्लंडला गेले. थॉर्नस्लो नावाच्या गावात अकरा वर्षे त्यांनी साचे भरले. गावात एक फौंड्री, दोन चर्च आणि तीन दारूची दुकानं. त्यांच्या पत्नी बयाबाई इथेच राहिल्या आणि अकरा वर्षांत त्यांनी नवरा दोनदा पाहिला. ती फौंड्री बंद पडल्यावर एकोणऐंशी साली आण्णा परत आले. आपल्या लोकांनी त्यांचं नाव 'लंडन' ठेवलं. त्यांनी लंडन विमानतळापुरतं पाहिलं होतं, पण खरं गाव विचारण्याची तसदी कोण घेणार? 'लंडन' म्हटलं की बोलणाऱ्याचीही उंची वाढते.

परत आल्यावर ते उद्यमनगरात मुख्य मोल्डर झाले आणि त्यांच्या हाताखाली वीसएक कारागीर तयार झाले. त्यातला बाळासो हा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दुर्दैवी. शिरोळच्या एका पाणीपुरवठा संस्थेची झाकणं करायची होती. संस्थेचं नाव हाताने वाळूत कोरायचं होतं. वाळूत अक्षर उलटं कोरावं लागतं, आरशात दिसतं तसं. तेव्हा ओतीव वस्तूवर ते सरळ उमटतं. बाळासोने सरळ कोरलं. संस्थेचं नाव उलटं उमटलं. आण्णांनी ते झाकण मोडीत घातलं नाही. फौंड्रीच्या भिंतीवर टांगलं आणि बाळासोला 'सरळ्या' म्हणायला सुरुवात केली. पुढे बाळासोने शिरोलीला स्वतःची फौंड्री काढली, त्याला नातवंडं झाली, केस पिकले, तरी तो सरळ्याच राहिला. आण्णा दर मंगळवारी त्याच्या फौंड्रीत जायचे आणि कामगारांदेखत दारातून हाक मारायचे, "सरळ्या, च्या सांग!" मला ते आवडायचं नाही. मी एकदा तसं बोललो.

"चूक इसरली की परत हुती, मास्तर," आण्णा म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी संगणकावर सहज थॉर्नस्लो शोधलं. गावाच्या आठवणींचं एक पान सापडलं. इंग्लंडात अशी पानं पुष्कळ आहेत. गावोगावचे निवृत्त लोक जुने फोटो जमवतात आणि कोपऱ्यावरची बेकरी नक्की कधी बंद पडली यावर सत्तर-सत्तर जण वाद घालतात. मला त्यांचा थोडा हेवा वाटला. आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी कुणाचा घोडा कुठून गेला यावर डोकी फुटतात, आणि कालपरवाचा कारागीर कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण हा हेवा फार वेळ टिकला नाही.

तिथे सत्त्याहत्तर सालचा एक फोटो होता. राणीला गादीवर येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून फौंड्रीने गावासाठी बारा बाक ओतले, ते ओतणारे दहा कारागीर ओळीने उभे. मी आण्णांना घरी बोलावलं. बयाबाईही आल्या. मी फोटोखालची नावं वाचून दाखवली. नऊ जणांची पूर्ण नावं होती, कोण कुणाचा जावई तेही होतं. पुढे बसलेल्या कुत्रीचं नाव होतं, मेबल. आणि सर्वात शेवटी, "टोकाला उभा: चार्ली (इंडियन?)".

प्रश्नचिन्हासकट.

खाली लोकांनी आठवणी लिहिल्या होत्या. प्रेमळ होत्या, हेच जास्त लागलं. चार्ली कायम हसतमुख असायचा. चार्ली किती छान माणूस, कधी एक शब्द बोलला नाही. बिचारा चार्ली एक्क्याऐंशी साली छातीच्या विकाराने गेला.

"हसत न्हवतो," आण्णा म्हणाले. "थंडीनं दात वाजत हुते."

"एक शबूद बोलत न्हवता म्हणं!" बयाबाई म्हणाल्या. "सगळं बोलणं माझ्यासाटनंच साठवून आणलं की ओ!"

"आन् मेला त्यो जालंधरचा गुरमीत. माझ्या आदी त्यो चार्ली हुता. त्यानं दुसरी फौंड्री धरली, मग मी चार्ली. ते नाव न्हवं, मास्तर. ती जागा हुती."

मग त्यांनी फोटोतल्या कुत्रीवर बोट ठेवलं.

"कुत्रीचं नाव बरूबर हाय," ते म्हणाले. "मेबलच हुती ती." आणि थोड्या वेळाने: "माझं नाव घालाय सांगा. कृष्णात ज्ञानू खाडे. बास, दुसरं काय नगं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी त्याच दिवशी पत्र पाठवलं. आठवड्याने गावाच्या इतिहास मंडळाच्या चिटणीस डोरीन पास्क यांचं उत्तर आलं. मी जन्मभर मुलांचे निबंध तपासले, पण इतक्या गोड भाषेत इतका स्वच्छ नकार क्वचित वाचला असेल. त्यांनी लिहिलं होतं की चार्ली सर्वांना चार्ली म्हणूनच आठवतो, त्याच्या निधनाची नोंद मंडळाकडे आहे, श्री. खाडे यांनी कदाचित शेजारच्या गावी काम केलं असावं, आपल्या वयात स्मरणशक्ती दगा देते, हे त्या स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतात. तरीही कामाचे कागद असल्यास मंडळ आनंदाने विचार करेल. कागदांची ट्रंक आण्णांनी शिरोळला थोरल्या भावाकडे ठेवली होती. ती एकोणीसच्या पुरात गेली. जुन्या पासपोर्टावरून इंग्लंड सिद्ध होत होतं, थॉर्नस्लो नाही. कुत्रीकडे कुणी कागद मागितले नव्हते.

मी चिडून त्या पानावर आणखी काही सापडतं का ते शोधत बसलो. 'गावातली न सुटलेली कोडी' असं एक सदर दिसलं. त्यात राणीच्या त्या पंचविशीच्या बाकांपैकी एकाचा फोटो होता, पायाच्या आतल्या बाजूचा. तिथे बिडातच उमटलेली बोटभर लांबीची विचित्र खूण. तिच्यावर सात वर्षं चर्चा चालू होती. एका निवृत्त दंतवैद्याच्या मते ती प्राचीन उत्तरेकडच्या लोकांची लिपी होती. एका बाईंना ती चेटूक रोखण्याची खूण वाटत होती. कुणी साप म्हणत होतं. त्रेचाळीस विद्वानांनी मतं दिली होती आणि बाक ओतणाऱ्या दहा जणांत एक माणूस दूरच्या देशातला होता हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आलं तरी काय, तो बोलत नव्हता ना!

मलाही ती खूण काही ओळखता आली नाही. मी गंमत म्हणून आण्णांना दाखवली. ते एकदम उठले. चपला घातल्या.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. नाव न्हाय आलं तर न्हाय आलं." आणि निघून गेले.

चार दिवस ते फिरायला आले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते. बयाबाई म्हणाल्या, "सांगा की आता. चार दिस जेवण नीट न्हाय, आन् रातीतनं कूस बदलतासा."

आण्णांनी अंगणातल्या मातीवर बोटाने ती खूण काढली. मग शेजारी तीच उलटी करून काढली. 'कृ' होतं.

"बारा साचं एकाच दिवसात भरलं," ते म्हणाले. "गावाला बाक देणार, फोटू काढणार, भाषणं हुणार. मला वाटलं, आपलं कायतरी ऱ्हावं. कुणाला दिसू नये, पर असावं. थापीच्या टोकानं काढलं. नऊ वरसं इंग्रजी उलटं कोरत हुतो मी, झोपेतबी चुकलो नसतो. पर आपलं अक्षर आलं आन् हात सरळ गेला. सकाळी साचं फोडलं तर बाराच्या बारा उलटी."

त्यांनी तळव्याने मातीवरची दोन्ही अक्षरं पुसली.

"आता हे लिवायचं म्हंजे..." ते थांबले. मला कळलं. हाच पुरावा होता, यापेक्षा भक्कम दुसरा मिळणार नव्हता. पण तो दिला की नाव लागणार आणि सोबत हेही लागणार की कृष्णात खाडे मोल्डरने बारा वेळा तीच चूक केली, जी बाळासोने एकदा केली होती. तीस वर्षं ज्याला सरळ्या म्हटलं, त्याला.

"तिकडं कुणाला कळणार आहे?" मी म्हणालो. "बाळासोला सांगायची काय गरज?"

आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या बाकाखालच्या खळग्याची आठवण झाली.

"रंग मारू व्हय वरनं?" ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते मला घेऊन बाळासोच्या फौंड्रीत गेले. दारातून हाक मारली नाही. बाळासो ऑफिसात होता. ते जुनं झाकण त्याने स्वतःच आणून आपल्या खुर्चीच्या मागे लावलं होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आण्णांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाक, खूण, हात सरळ गेला ते. बाळासो ऐकत राहिला. मग हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"बारा?" तो म्हणाला. "अवो आण्णा, म्या एकच केलतं की!"

"व्हय."

"बारा आन् एक!"

"व्हय म्हंतोय न्हवं. आता बास."

बाळासोने डोळे पुसले. "लिवा, मास्तर," तो मला म्हणाला. "बारा लिवा. अकरा लिवू नगा. आण्णा, बसा, च्या सांगतो."

मी तसंच लिहिलं. आण्णांनी सांगितलेली आणखी एक गोष्टही लिहिली: बाराव्या साच्यावर फोरमन आला म्हणून 'कृ'च्या खालचा वळसा अर्धाच राहिला होता. बारापैकी एका बाकावर अर्धी खूण सापडेल, ती बघावी. दहा दिवसांनी डोरीनबाईंचं पत्र आलं. त्या, दंतवैद्य आणि आणखी दोघं असे चौघेजण टॉर्च घेऊन गावातल्या सगळ्या बाकांखाली शिरले होते. बाकी काही नाही, पण थॉर्नस्लोचं इतिहास मंडळ गुडघ्यांवर आलेलं मनात बघून मला फार बरं वाटलं. अर्धी खूण त्यांना चर्चजवळच्या बाकाखाली मिळाली.

आता त्या फोटोखाली लिहिलं आहे, "टोकाला उभे: कृष्णात ज्ञानू खाडे, कोल्हापूर (आपला लाडका चार्ली)". कोड्यांच्या सदरात लेख आहे, त्यात मंडळाच्या चिकाटीच्या संशोधनाने खुणेचं रहस्य उलगडल्याचं नमूद आहे. आण्णांचं नाव त्यात तिसऱ्या परिच्छेदात येतं, दंतवैद्यांच्या नंतर. चार्ली गेल्याची आठवण ज्यांनी लिहिली होती त्यांनी ती काढलेली नाही. लाडका चार्ली एकाच पानावर मेलेलाही आहे आणि कोल्हापुरातही आहे.

मी आण्णांना म्हटलं, तो कंस काढायला सांगू का?

"कुत्रीच्या आदी हाय का नंतर माझं नाव?"

"नंतर."

"मग ऱ्हाऊ द्या. नाव आलं, बास."

कृष्णात आण्णा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. दर मंगळवारी शिरोलीला जातात, मूठभर वाळू हातात घेऊन तिची ओल बघतात, आणि बाळासोला बाळासो म्हणतात.