खोक्यातले टाके

आईच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात जिना उतरताना एका अर्धवट उघड्या दारातून एक तरुण डॉक्टरीण दिसली. समोर पुठ्ठ्याचं खोकं, त्याला दोन भोकं. लांब चिमट्यांनी ती खोक्यातल्या रबरी हातमोज्याला टाके घालत होती आणि नजर मात्र खोक्याच्या आतलं दाखवणाऱ्या टीव्हीसारख्या पडद्यावर होती. टाका सुटला की ओठ दाताखाली धरायची, दोरा उपसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

हे कशासाठी, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "उद्या एका आजींचं दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. पेठ गावच्या आहेत."

"ती माझी आई. तुम्ही अजून शिकताय?"

"हो, शिकतेय. मोठे सर शेजारी असतील." तिने भिंतीवरचा कागद दाखवला. त्यावर ऑपरेशनच्या पायऱ्या क्रमाने लिहिल्या होत्या आणि मध्येच एक लाल रेघ होती. "इथपर्यंत नीट दिसलं नाही, तर पोट उघडायचं. हट्ट करायचा नाही."

वर आई विचारत होती, "लय नाय ना कापणार?" मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डॉक्टरीण ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आली. "रक्तवाहिनी नीट दिसेना, म्हणून मीच थांबले. पोट उघडावं लागलं. गाठ पूर्ण निघाली. आजी बऱ्या आहेत."

बोलताना तिची बोटं थरथरत होती. ती बोटं आदल्या दिवशी अशी थरथरताना दिसली असती, तर मी आईला उचलून घरी नेलं असतं. आज मी तिला बसायला खुर्ची पुढे केली.