बाबा बसले की काटा चढायचा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. ऑफिसात कुणी अंगात येण्याचे किस्से रंगवायला लागलं की मी तिथल्या तिथे उलटतपासणी घेते... तू स्वतः पाहिलंस की तुझ्या काकूच्या नणंदेनं? त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येऊन राहिलं. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, भरदिवसा, आणखी दोन माणसांसमोर. भाषा आमची रायपूरची आहे, हिंदी मिसळलेली — सांभाळून घ्या.

पुरानी बस्तीत आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. सदर बाजारात बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. जीपमध्ये भांडी भरून ते आसपासच्या गावांचे बाजार करायचे, शेजारच्या सीटवर आई. गेल्या वर्षी आई गेली. बाबांनी दुकान बंद केलं आणि खाट धरली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना चालतं ठेवा, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. मी विनवलं, भांडले, अबोला धरला. बाबांचं एकच, "कुठं जाऊ? काहून जाऊ?" आणि भिंतीकडे तोंड.

उभ्या-उभ्या जीपचंही इंजिन जाम झालेलं. मला वाटलं, जीप सुरू झाली तर बाबाही सुरू होतील. वेडी आशा, दुसरं काय. तेलीबांध्याकडे खेमू भैयाचं गॅरेज आहे, तो बाबांचा जुना मेकॅनिक. त्यानं दुसऱ्या एका जीपचं इंजिन आणून बसवलं. एका सेल्फमध्ये सुरू झालं! पण गाडी तापली की ऑइल प्रेशरचा काटा पार खाली. म्हणजे इंजिनच्या आत तेल नीट पोचत नाही, आणि तसंच रेटलं तर हेही इंजिन जाम होणार.

खेमू भैयानं ऑइल बदललं, फिल्टर बदललं. मीटरच खोटं बोलत असेल म्हणून दुसरं मीटर थेट इंजिनला लावून पाहिलं, तर तेही तेच सांगे. राहिलं इंजिनखालचं ऑइल चेंबर, जिथं तेल साठतं ते. आमच्या जीपचं चेंबर काढायचं तर इंजिन परत उचलावं लागतं आणि त्याच्याकडे कामांची ही रांग. सवड होईपर्यंत जवळपासच फिरवा, काट्यावर नजर ठेवा, म्हणाला.

त्याच आठवड्यात बाबांना गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि ऐन वेळी ऑटोवाल्यानं टांग दिली. मी जवळजवळ ओढतच बाबांना जीपमध्ये बसवलं, आईच्या जागेवर. सदर बाजारात नेहमीसारखी स्कूटरांची कोंडी, इंजिन चांगलंच तापलेलं, माझा जीव टांगणीला... आणि काटा सरळ उभा. जाताना सरळ, येताना सरळ. बाबांना घरी सोडून खेमू भैयाला दाखवायला निघाले, तर गल्लीच्या तोंडाशीच काटा झोपला.

पुढच्या खेपेलाही तसंच. मी चिडून बाबांना सांगितलं, की तुम्ही बसलात की ही शहाण्यासारखी वागते आणि माझ्याशीच हिचं वैर आहे. बाबा खाटेवर उठून बसले. "चाल, पाहू," म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते स्वतःहून उठले.

गॅरेजसमोर जीप उभी करून, इंजिन चालू ठेवून आम्ही पाहिलं. बाबा उतरले, काटा खाली. बाबा चढले, काटा वर. खेमू भैया म्हणाला, वजनाचा खेळ असेल, चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकत असेल. मग त्या सीटवर शेजारच्या दुकानातून आणून तांदळाचं पोतं ठेवलं. काटा खाली. खेमू भैया बसला, मग मी बसले, काटा ढिम्म. बाबांना परत चढवलं तर वर! बाबा हसायलाच लागले, खो खो. आई गेल्यावर तो आवाज मी ऐकलाच नव्हता. मला तिथंच, ग्रीसच्या डब्यांमध्ये उभ्या-उभ्या रडू कोसळलं.

मग काय विचारता... मी ऑफिसातून आले की बाबा काठी घेऊन तयार. तेलीबांध्याच्या तलावावर जायचं, काठानं चालायचं आणि येताना माझ्या गिअर टाकण्यावरून मला बोलणी. मी आनंदानं ऐकून घेत होते.

शेवटी खेमू भैयाला सवड झाली. चेंबर उघडलं, तर पंपाला तेल ओढून देणारा पाइप जोडाशी तडकलेला. तेलासोबत हवा ओढत होता. जुन्या इंजिनचा पाइप चांगला दिसला म्हणून त्यानंच तो नव्याला लावला होता. मापात किंचित फरक, त्यामुळे कसताना तडकला असावा. पाइप उजेडात धरून त्यानं ती तडक दोनदा नखानं चाचपली.

"दीदी, इसमें तो प्रेशर बनना ही नहीं था," म्हणाला. "कोई भी बैठे."

नवा पाइप लागला आणि काटा कुणीही बसलं तरी सरळ राहू लागला. मी खूश व्हायला हवं होतं. मला धडकीच भरली. बाबांना आता काय सांगू? तुमची गरज नाही म्हटलं की परत ती खाट, परत ती भिंत. खेमू भैयाला शपथ घातली आणि घरी येऊन बाबांना साफ खोटं सांगितलं, की काही सापडलं नाही, एकटीनं चालवली की काटा अजून पडतो.

परवा बाबांचा डोळा लागलेला पाहून मी एकटीच भाजी आणायला निघाले. जीप सुरू केली तसे बाबा काठी टेकत बाहेर आले आणि चढून बसले. मी घाईघाईनं म्हणाले, बरं झालं आलात, काटा पडून राहिला होता.

बाबांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोट्टे, काटा आता पडत नाही. मी उतरलो तरी उभाच राहते, कवाचं माहीत हाय मले."

माझा चेहरा पडला. "मग काहून येता, बाबा?"

"मी नाही आलो तं तू एकटी जाशील ना."

मी नाक पुसलं आणि गिअर टाकला. त्यावरूनही बोलणी खाल्ली. तडकलेल्या पाइपवर तो काटा कसा चढायचा, हे मला अजून कळलेलं नाही, खेमू भैयाला नाही आणि बाबांनाही नाही.