प्रेट्झेलच्या गोळ्यावरची बोटं

लेकीला प्रेट्झेल हवे होते. म्हणजे गाठ मारलेला, सोड्याच्या पाण्यात उकळून मग भाजायचा मऊ पाव. मी सकाळीच यीस्ट घालून मैदा मळला आणि गोळा ओल्या फडक्याखाली फुगायला ठेवला. तासाभराने बघते तर गोळा बसलेला. पुन्हा मळला, पुन्हा झाकला, पुन्हा बसला. मलकापूरच्या ज्या दुकानदाराने हे यीस्ट माझ्या गळ्यात मारलं, त्याचा मी मनातल्या मनात उद्धार केला.

तिसऱ्या वेळी कपडे वाळत घालून आत आले, तर सासूबाई फडकं वर करून गोळ्यात पाचही बोटं खुपसत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "आई, काऊन दाबून राह्यल्या? सकाळपासून मरून राह्यली मी इथं!"

"असा गुळगुळीत गोळा घरात ठेवत नाहीत माय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पितरांच्या पिंडावाणी दिसते. बोटं उमटवा लागतात."

त्या शांतपणानेच मी आणखी भडकले. हा पाव आहे, पिंड नाही, म्हणाले. या घरात माझी एक गोष्ट धड होऊ देत नाही तुम्ही, म्हणाले. परात ओट्यावर आपटली.

त्यांनी पदराला बोटं पुसली. "तुहा सासरा गेला त्या दिवशी कणीक मळून मी तशीच ठेवली होती. बोटं दाबाची भुलली."

एवढं बोलून त्या ओसरीत जाऊन बसल्या. राग अजून डोक्यात उकळत होता. आता भांडू तरी कोणाशी?