पंपावरची पाच पैशांची खरेदी

पेट्रोल पंपावर बाईमाणसाचं काय काम? आमच्या घरात साधी सायकल नव्हती. पेट्रोल घालणार कशात, चुलीत? तरी एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात मी आणि माझी सासू, दोघी रोज संध्याकाळी साताऱ्याकडच्या हमरस्त्यावरच्या पंपावर जायचो. आणि रोज काहीतरी विकत घेऊन यायचो.

त्याचं झालं असं. माझं माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्यातले आमचे हे घरात होते जेमतेम तीन आठवडे. रजा संपली, पलटणीत गेले, आणि डिसेंबरात लढाई पेटली. सासरे आधीच वारलेले. घरात मी आणि आत्याबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात.

गावात रेडिओ एक. तो चावडीत, आणि चावडीत बायका जात नाहीत. पुरुष ऐकून यायचे आणि आम्हाला सांगायचे, "काय काळजी करू नगा, समदं झ्याक हाय." बायका घाबरतील म्हणून निम्मं गिळून टाकायचे. आत्याबाई काय दूधखुळ्या होत्या? "मेल्यांची तोंडं बघ," म्हणायच्या, "कायतरी आत ठिवूनच बोलत्यात."

गावापासून पाऊण मैलावर पंप होता आणि त्याला लागून पत्र्याचं दुकान. ट्रकवाल्यांसाठी विडीकाडी, बॅटरीचे सेल, कंगवे, ताडपत्री शिवायचा दोरा असलं सगळं तिथं. आणि फळीवर ट्रान्झिस्टर. सात वाजता मराठी बातम्या लागत. पण बाईनं पंपावर नुसतं उभं राहायचं म्हणजे गावात बोभाटा. गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली, तर मात्र कुणाची बिशाद नाही बोलायची. म्हणून आत्याबाईंनी ठरवलं, रोज जायचं, रोज काहीतरी घ्यायचं आणि ते घेता घेता बातम्या ऐकायच्या.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा दुकानदार देवाच्या तसबिरीपुढं दिवा लावून हात जोडत होता. बेळगावकडचा माणूस. कपाळावर आठ्या कायमच्याच. आत्याबाईंनी विचारलं, "आवं दादा, समद्यात स्वस्त काय हाय?"

"सुई. पाच पैशाला दोन. पण आता दिवा लागला आक्का. आता सुई मिळणार नाही."

दिवेलागणीनंतर सुई द्यायची नाही हे आम्हालाही ठाऊक. आत्याबाई स्वतः शेजारणीला देत नसत. त्यांनी मान डोलावली आणि पाच पैशांचं एक बटण घेतलं. पांढरं, चार भोकांचं. ते निवडायला त्यांनी बातम्या संपेपर्यंत वेळ लावला. हे उलटं कर, ते उजेडात धर. दुकानदार बटणांची पेटी तशीच उघडी धरून उभा.

मग रोज तेच. बटण, केसाच्या पिना, पुन्हा बटण. मी एकदा म्हटलं, लिमलेटच्या गोळ्या घेऊ. तर माझ्या अंगावरच आल्या, "माझा ल्योक तिकडं आन् मी हितं ग्वाड चघळत बसू व्हय?"

आत्याबाईंची एक समजूत होती, ती सांगते. आपल्या पोराचं काही बरंवाईट झालं तर रेडिओवर त्याचं नाव सांगतील, असं त्यांना वाटायचं. नाव आलं नाही की त्या खुशीत घरी यायच्या आणि पोटभर भाकरी खायच्या. मी मॅट्रिक झालेली. इतकी माणसं लढतात, रेडिओ कुणाकुणाची नावं सांगणार, हे मला कळत होतं. पण सांगायची छाती झाली नाही. त्यांच्या भाकरीकडं बघत मी पाणी पिऊन झोपायचे.

एके दिवशी बटणं संपली. पिनाही संपल्या. लढाईमुळं शहरातून माल येत नव्हता. गोळ्या त्या घेणार नाहीत, काडेपेटीसुद्धा पाच पैशांच्या वरची आणि कंगवा तर चार आण्यांचा. आत्याबाईंच्या पदराच्या गाठीला पाच पैसे. सुया होत्या बरणीत, पण दिवा लागलेला. आत्याबाई वळल्या.

"आत्याबाई, थांबा की. बातम्या आत्ता लागतील."

"काय न घेता हुबी ऱ्हाऊ? भिकारीण हाय का मी?"

मागं बातम्या सुरू झाल्याच होत्या. मला ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते आणि त्या तरातरा पुढं. असा राग आला होता मला! एक दिवस उभ्या राहिल्या असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं? त्या रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही. "आजच नाव घेतलं आसंल तर?" एवढंच एकदा म्हणाल्या. माझा राग कुठच्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दुकानात अंधार. लढाईमुळं बाहेरच्या बल्बालाही काळा कागद लावलेला. तसबिरीपुढं दिवा नाही.

"दिवा न्हाई लावला?" आत्याबाईंनी विचारलं.

"तेल संपलं," दुकानदार म्हणाला. "सुया घ्या आक्का. अजून दिवेलागण झाली नाही."

तेलाची बाटली तसबिरीशेजारीच होती, निम्मी भरलेली. आत्याबाईंनी ती बघितली, मी पण बघितली. दोन सुया घेतल्या आणि बातम्या ऐकल्या. तिसऱ्या दिवशी म्हणे वात सापडत नव्हती. चौथ्या दिवशी काडेपेटी सादळली. शंभर काडेपेट्या फळीवर मांडून बसलेला माणूस हे सांगतोय! आम्ही बाहेर पडलो की मग मागं दिवा लागायचा.

लढाई संपली. गावात पेढे वाटले. आमच्या घरी पत्र नाही. जानेवारी उलटत आला तरी नाही. आम्ही जातच राहिलो आणि दुकानदाराचं तेल संपतच राहिलं. आमच्या डब्यात इतक्या सुया झाल्या की अख्ख्या गावाच्या गोधड्या झाल्या असत्या.

मग पत्र आलं. मी पाकीट दोनदा उलटंसुलटं करून बघितलं, कारण अक्षर त्यांचं नव्हतं. आत लिहिलं होतं, मी बरा आहे, दवाखान्यात आहे, हाताला लागलंय म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतोय. आत्याबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." मी सात वेळा वाचलं.

फेब्रुवारीत हे आले. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली होती, मधली तीन बोटं नव्हती. जिवंत आले, याचा आनंद इतका की पहिले दोन दिवस मी तो हात नीट बघितलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी कळलं. माणूस अंगात सदरा न घालता नुसत्या बंडीवर बसून, घराबाहेर पडायचं नाव नाही. सदऱ्याची बटणं लागत नव्हती. मी लावायला गेले तर हात झटकला, "मी काय कुक्कुलं बाळ हाय?" आणि भिंतीकडं तोंड करून बसले. आठ दिवस तसेच. मला रडू येई, आणि मग संतापही येई.

मी साताऱ्याहून टिचबटणं आणली, ती दाबली की बसतात ती. सदऱ्याच्या आतून ती शिवली आणि वरून, दिसायला, पंपावरची बटणं लावली. एक चार भोकांचं, एक दोन भोकांचं, एक जरा पिवळट. सुयांना काय तोटा! सदरा खाटेवर ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसले.

थोड्या वेळानं आवाज आला. टिच. मग बराच वेळ काही नाही. मग टिच, टिच.

"आयला!" आतून हे म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं पंपावर गेलो. दुकानात नेहमीसारखा अंधार होता. दुकानदारानं आधी यांचं तोंड बघितलं, मग तो हात, मग सदऱ्यावरची बटणं. स्वतःच्या दुकानची बटणं ओळखायला त्याला किती वेळ लागणार? वळून बाटलीतलं तेल घातलं, वात सारखी केली आणि दिवा लावला. सात वाजायला अजून वेळ होता. हात जोडून झाल्यावर डोळे पुसत तो गल्ल्यापाशी आला.

"बोला आक्का, काय देऊ?"

"काय नगं," आत्याबाई म्हणाल्या. "आज घ्यायला न्हाई आलो. पोरगं दावायला आणलंय."